पासबुकातील गैर वजावट व ती परत मिळविण्याचा मार्ग

बांधाला पडलेले उंदराचे बीळ वेळीच बुजविले नाही, तर पावसाळ्यात सगळे शेत वाहून जाते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु बँकेच्या खात्यास पडलेले बीळ मात्र पुष्कळदा वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. खात्यातून कधी पन्नास, कधी शंभर, कधी चारशे रुपये वजा होतात. पासबुकात त्याची एक ओळ छापली जाते. ती ओळ इंग्रजी आद्याक्षरांत असते आणि ती काय सांगते हे कोणी विचारीत नाही. हातात पैसा असतो तेव्हा ही रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु पीक बुडालेल्या वर्षी, घरात पेरणीपुरतेही बियाणे नसताना, हीच रक्कम एका खताच्या गोणीची किंवा मुलाच्या शाळेच्या खर्चाची असते.

परभणी जिल्ह्यातील बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन, कापूस व तूर ही पिके एका अतिवृष्टीने किंवा एका लांबलेल्या उघडिपीने हातची जातात. अशा वर्षी खात्यात किमान शिल्लक राहत नाही, कर्जाचा हप्ता चुकतो आणि नेमक्या त्याच वेळी दंडाची वजावट सुरू होते. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा कमी, त्याच्याकडूनच अधिक वसुली होते. या वजावटीपैकी काही योग्य असते, काही नियमबाह्य असते. दोहोंतील फरक कसा ओळखावा व नियमबाह्य रक्कम परत कशी मागावी, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधुभगिनींस व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कसा उभा राहिला

मराठवाड्यातील गावोगावी ज्या बँकेची पासबुके होती, ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्याच दिवसापासून भारतीय स्टेट बँकेने किमान सरासरी शिल्लक न ठेवणाऱ्या बचत खात्यांवर दंड आकारणे पुन्हा सुरू केले. ग्रामीण शाखेत सरासरी १,००० रुपये शिल्लक ठेवावी लागे. ती कमी पडल्यास तुटीच्या प्रमाणात महिन्याला २० ते ५० रुपये व त्यावर कर, अशी आकारणी होती. पुढे हे दर दोनदा कमी करण्यात आले आणि मार्च २०२० मध्ये त्या बँकेने सर्व बचत खात्यांवरील ही अट काढून टाकली. २०२५ च्या मध्यास कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक व बँक ऑफ बडोदा यांनीही आपल्या सामान्य बचत खात्यांवरील असा दंड बंद केला.

प्रश्न केवढा मोठा होता याची कल्पना एका आकड्यावरून येईल. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३-२४ अखेरच्या पाच वर्षांत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे ८,५०० कोटी रुपये खातेदारांकडून वसूल केले. सर्वच बँकांनी हा दंड बंद केलेला नाही. खासगी बँकांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून आपले खाते कोणत्या बँकेत व कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रत्येकाने आधी विचारून घ्यावे.

किमान शिल्लकेचा दंड : नियम काय सांगतो

रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी या बाबतीत परिपत्रक काढले व ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

(१) शिल्लक कमी पडली की बँकेने खातेदारास लघुसंदेश, पत्र किंवा अन्य मार्गाने तसे कळवावे, आणि शिल्लक भरून काढण्यास निदान एक महिन्याची मुदत द्यावी.

(२) दंड तुटीच्या प्रमाणात असावा. थोडी तूट असो वा मोठी, सर्वांस एकच रक्कम, असे असू नये.

(३) केवळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये.

यातील तिसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. समजा, सोनपेठ तालुक्यातील एका शेतमजूर बाईंच्या सामान्य बचत खात्यात १५० रुपये आहेत. बँकेने दर तिमाहीस १०० रुपये दंड व त्यावर १८ रुपये वस्तू व सेवा कर, असे ११८ रुपये याप्रमाणे तीन तिमाहींत ३५४ रुपये आकारले. खाते २०४ रुपयांनी उणे झाले. पुढे शासकीय मदतीचे १,५०० रुपये जमा होताच शिल्लक १,२९६ रुपये दिसू लागली. बाईंना वाटते की मदतच कमी आली. वस्तुतः मदत पूर्ण आली. उणे बाकीपोटी २०४ रुपये बँकेने वळते करून घेतले. ही २०४ रुपयांची आकारणी वरील नियमाशी सरळ विसंगत आहे. त्याशिवाय आधी सूचना दिली नसेल, तर संपूर्ण ३५४ रुपये परत मागण्यास आधार आहे.

दीर्घकाळ व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड आकारता येत नाही, तसेच ते खाते पुन्हा चालू करण्यासाठी शुल्क घेता येत नाही, हेही ध्यानी असावे.

मूलभूत बचत खाते : गरिबाचा हक्क

ज्यास किमान शिल्लक ठेवणे शक्य नाही, त्याच्यासाठी मूलभूत बचत खाते हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली सर्व बँकांना असे खाते देण्यास सांगितले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेतील खाती याच प्रकारची आहेत. या खात्यात शून्य शिल्लक चालते. पैसे भरण्यास शुल्क नाही, महिन्यास निदान चार वेळा पैसे काढता येतात आणि एटीएम कार्डासाठी वार्षिक आकार नाही.

ज्याचे खाते सामान्य प्रकारचे आहे, त्याने ते मूलभूत बचत खात्यात बदलून द्यावे, असा अर्ज शाखेस द्यावा. मात्र एकाच बँकेत मूलभूत खाते आणि दुसरे बचत खाते अशी दोन्ही ठेवता येत नाहीत. पुष्कळ घरांत जुने खाते व जनधन खाते दोन्ही असतात आणि दंड जुन्या खात्यास लागत राहतो. असे नको असलेले खाते लेखी अर्ज करून बंद करावे, नुसते सोडून देऊ नये.

मदतीचा पैसा व जुनी थकबाकी

ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पहिले ३,००० रुपये राज्यातील भगिनींच्या खात्यांत जमा झाले, तेव्हा अनेक ठिकाणी त्यातून किमान शिल्लकेचा दंड वा जुनी बाकी कापून घेतल्याच्या तक्रारी आल्या. त्यावर राज्याच्या महिला व बालविकास विभागाने, या रकमेतून कोणतीही कपात करू नये, असे बँकांना कळविले. अतिवृष्टी व पूर यांसाठी राज्य शासन पिकांच्या नुकसानीची जी मदत देते, तिच्या शासन निर्णयांतही बँकांनी या रकमेतून कोणत्याही प्रकारची वसुली करू नये, अशी सूचना सामान्यतः असते. अशी कपात झाल्यास शाखेस अर्ज देताना त्या शासन निर्णयाची प्रत सोबत जोडावी व एक प्रत तहसील कार्यालयात द्यावी. निर्णयाची प्रत मिळवून देणे हे काम गावच्या कार्यकर्त्याने करावे. शेतकऱ्यास ती शोधीत हिंडावे लागू नये.

पीककर्जावरील आकार व व्याज

बचत खात्यापेक्षा कर्जखात्यातील वजावट मोठी असते. म्हणून कर्जखात्याचा उतारा वर्षातून एकदा तरी मागून घ्यावा व पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, सेवा शुल्क. भारतीय बँक संघाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ३ लाख रुपयांपर्यंतच्या किसान क्रेडिट कार्ड व पीककर्जावरील प्रक्रिया शुल्क, दस्तऐवज शुल्क, तपासणी शुल्क, खातेपान शुल्क व इतर सेवा शुल्क माफ करण्याची सूचना बँकांना दिली. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या निर्देशांनुसार लहान कर्जांवर सेवा वा तपासणी शुल्क घेता येत नाही. ही मर्यादा पूर्वी २५,००० रुपये होती; १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० रुपये झाली.

दुसरी गोष्ट, व्याजावर व्याज. पीककर्जाची मुदत संपलेली नसताना त्यावरील व्याज मुद्दलात मिळवून पुन्हा त्यावर व्याज आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कर्ज थकल्यानंतर मात्र बँक व्याज मुद्दलात मिळवू शकते. मुदतीची तारीख माहीत असणे म्हणूनच महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट, दामदुपट. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा आपल्याकडील जुना न्याय आहे. अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना दिलेल्या अल्पमुदतीच्या कर्जावर आकारलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, असे रिझर्व्ह बँकेनेही व्यापारी बँकांस सांगितले आहे. सहकारी संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ४४-अ अशीच मर्यादा घालते. शेतीसाठी सभासदास दिलेल्या १५ वर्षांपर्यंतच्या कर्जास ती लागू आहे. ६०,००० रुपयांच्या कर्जावर व्याज ६०,००० रुपयांपर्यंत पोहोचले, की तेथे थांबावयास हवे.

चौथी गोष्ट, दंडात्मक आकार. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी व्यापारी, ग्रामीण व नागरी सहकारी बँकांसाठी नवे नियम काढले. हे नियम १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांस व ३० जून २०२४ पर्यंत जुन्या कर्जांसही लागू झाले. त्यांनुसार हप्ता चुकल्याचा दंड हा व्याजाच्या दरात मिसळता येत नाही. तो वेगळा दाखवावा लागतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. दंड वाजवी असावा व किती लागेल हे कर्जाच्या करारात आधीच लिहिलेले असावे.

पाचवी गोष्ट, विम्याचे हप्ते. खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यांसाठी पीकविमा ऐच्छिक आहे. विमा नको असल्यास शेवटच्या तारखेपूर्वी निदान सात दिवस आधी तसे लेखी द्यावे लागते. न दिल्यास हप्ता वजा होतो व ती वजावट गैर म्हणता येत नाही. जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये व सुरक्षा विम्याचे २० रुपये मात्र खातेदाराच्या संमतीवाचून कापता येत नाहीत. संमतीपत्राची प्रत मागावी. ती बँकेस दाखविता आली नाही, तर रक्कम परत मागावी. विमा घेतलेला असल्यास तो रद्द करण्यापूर्वी नीट विचार करावा; २० रुपयांचा अपघात विमा अडचणीच्या घराला मोठा आधार ठरू शकतो.

नैसर्गिक आपत्तीच्या वर्षी

रिझर्व्ह बँकेने २०१८ साली एकत्रित केलेल्या निर्देशांत, पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या व आपत्तिग्रस्त जाहीर झालेल्या भागात पीककर्जाचे मुदतकर्जात रूपांतर करण्याची तरतूद होती. नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास दोन वर्षांपर्यंत व त्याहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत मुदत आणि निदान पहिले एक वर्ष वसुलीस विराम, असे तिचे स्वरूप होते. आपत्तीपूर्वीच थकलेले कर्ज मात्र त्यात येत नसे. सप्टेंबर २०२५ च्या महापुरानंतर राज्य शासनाने जाहीर केलेल्या सवलतींत सहकारी कर्जाचे पुनर्गठन व शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस एक वर्षाची स्थगिती यांचा समावेश होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. वसुली थांबते, व्याज थांबत नाही. पुनर्गठन झाले तर नवे हप्ते ठरतात. त्यासाठी शेतकऱ्याची संमती लागते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी नवा व्याजदर, हप्त्यांच्या तारखा व एकूण फेड किती होईल, हे विचारून लिहून घ्यावे. स्थगितीच्या काळात दंड आकारला गेला असेल, तर तो परत मागावा.

परत मागण्याची रीत

पहिली पायरी. पासबुक पूर्ण छापून घ्यावे. जेवढी मागची पाने मिळतील तेवढी बरी. ज्या नोंदींचा अर्थ कळत नाही, त्या खाली रेघ मारून शाखेत विचाराव्यात. प्रत्येक वजावटीची तारीख, रक्कम व कारण एका कागदावर मांडावे. नियम तपासताना वजावटीच्या दिवशी कोणता नियम होता, हे पाहावे. बँकेने पुढे दंड बंद केला, म्हणून पूर्वी रीतसर घेतलेला दंड परत मिळतोच असे नाही.

दुसरी पायरी. शाखा व्यवस्थापकास लेखी अर्ज द्यावा. मजकूर साधा असावा. नमुना असा :

"महोदय, माझ्या बचत खात्यातून सोबतच्या यादीप्रमाणे एकूण ... रुपये वजा झाले आहेत. याबाबत मला पूर्वसूचना मिळालेली नाही, तसेच या आकारामुळे माझे खाते उणे झाले. रिझर्व्ह बँकेच्या दि. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे ही आकारणी तपासून, रक्कम तीवरील करासह माझ्या खात्यात परत जमा करावी. यंदा माझ्या पिकाचे नुकसान झाले असून घरखर्च चालविणे कठीण झाले आहे. खाते मूलभूत बचत खात्यात बदलून द्यावे, हीही विनंती. कळावे."

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेची तारखेसह पोहोच घ्यावी. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे मातीत न गाडलेले बी. शाखा पोहोच देण्यास टाळाटाळ करील, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा व पावती जपून ठेवावी.

आकार नियमाप्रमाणे योग्य असला, तरी अडचण सांगून तो माफ करण्याची विनंती करण्यास हरकत नाही. तो हक्क नव्हे, सवलत आहे. परंतु न मागता सवलतही मिळत नाही. पंचनाम्याची प्रत सोबत जोडल्यास विनंतीस वजन येते.

तिसरी पायरी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. ही एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली. तक्रारीस शुल्क नाही. चंदीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालाने कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, तक्रार पाठविता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. वकील द्यावा लागत नाही. खातेदाराने लेखी अधिकार दिल्यास वकील नसलेली दुसरी व्यक्ती त्याच्या वतीने बाजू मांडू शकते. मात्र बँकेकडे आधी अर्ज केलेला नसेल, तर लोकपाल तक्रार घेत नाही. ३० दिवस संपल्यावर विलंब करू नये. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही ही योजना लागू झाली आहे. गावच्या विविध कार्यकारी सेवा संस्थेविरुद्धची तक्रार मात्र तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करावी.

चौथी पायरी. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते व पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही. लहान रकमेसाठी येथवर जाण्याची वेळ सहसा येऊ नये. परंतु मार्ग आहे, हे ठाऊक असावे.

कार्यकर्त्यांचे काम

एकट्या शेतकऱ्यास शाखेच्या खिडकीशी उभे राहून प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. दहा जण मिळून गेले म्हणजे तो राहत नाही. म्हणून प्रत्येक गावी पेरणीपूर्वी व सुगीनंतर एकेक दिवस पासबुक वाचनाचा ठेवावा. शाळेत, चावडीत किंवा बचत गटाच्या बैठकीत सर्वांनी पासबुके आणावीत. वाचता येणाऱ्या तरुणांनी नोंदी वाचून सांगाव्यात. एकाच शाखेत एकाच प्रकारची वजावट अनेकांची झालेली आढळल्यास एकत्र यादी करून शाखेस द्यावी व एक प्रत जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकास पाठवावी. दुसऱ्याचे पासबुक पाहताना त्याची शिल्लक चारचौघांत बोलून दाखवू नये. खात्याचा गुप्त क्रमांक कोणी मागू नये व कोणी सांगू नये.

बँकेशी भांडण मांडणे हा याचा हेतू नाही. शेतीला भांडवल लागते आणि ते सावकाराच्या ओट्यावरून आणण्यापेक्षा बँकेतून आणणे केव्हाही चांगले. १८७५ साली पुणे व अहमदनगर भागांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली, कारण त्या वहीत काय लिहिले आहे हे त्यांना कधी कळू दिले जात नव्हते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास पावती, हिशेबाचा उतारा व पासबुक मागण्याचा हक्क दिला. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने येथील शेतकऱ्यास त्याचा लाभ झाला नाही. आज पासबुक प्रत्येकाच्या घरात आहे. ते पेटीच्या तळाशी ठेवून उपयोग नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते बरोबर न्यावे, छापून घ्यावे आणि घरी येऊन कंदिलाच्या नव्हे, विजेच्या उजेडात ओळीनुओळ वाचावे. जी ओळ कळणार नाही, तिचा अर्थ विचारणे हा खातेदाराचा हक्क आहे.